व्हिलिपेंड: मनातली काटामारी

लोकलमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे. म्हटलं तर मेलेला शब्द, म्हटलं तर नाही. तो मेला की नाही, ते शेवटी बघू.

सुरुवात एका ट्विटपासून करतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये शशी थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाबद्दल ट्विट केलं होतं आणि त्यात एक २९ अक्षरांचा इंग्रजी शब्द टाकला होता. आठवतोय? फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन. (हे वाक्य तीन टेकमध्ये रेकॉर्ड झालंय, हसू नका.) सगळा देश डिक्शनरी उघडून बसला होता. मीम्स आले. अर्थ काय निघाला? एखादी गोष्ट क्षुल्लक ठरवणं. बस्स, एवढंच.

हा शब्द तयार कसा झाला ते गमतीशीर आहे. इंग्लंडमध्ये ईटन नावाची प्रसिद्ध शाळा आहे. तिथल्या लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकात किंमत ठरवण्याबद्दलचा एक नियम होता आणि त्यात चार शब्द एका रांगेत यायचे. फ्लॉकी म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉकी म्हणजे फुटकळ वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही आणि पिली म्हणजे केस. चौघांचा मथितार्थ एकच, ‘कवडीमोल’. ही पाठांतराची रांग कुणीतरी गंमत म्हणून एकत्र चिकटवली. १७४१ साली विल्यम शेनस्टोन या कवीच्या पत्रात तो लांबलचक शब्द आपल्याला पहिल्यांदा लिहिलेला सापडतो.

पण आजचा आपला हिरो हा शब्द नाही. हा नुसता ट्रेलर होता. आजचा शब्द छोटा आहे, तीनच सिलेबलचा, आणि माझ्या मते जास्त धारदार आहे. व्हिलिपेंड. हे क्रियापद आहे. टु व्हिलिपेंड समवन. म्हणजे एखाद्याला कवडीमोल समजणं, तुच्छ लेखणं, आणि मग त्याच्याबद्दल तसं बोलणं.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीत यासाठी काय कमी शब्द आहेत? इन्सल्ट आहे, क्रिटिसाइझ आहे, डिस्परेज आहे, बिलिटल आहे. मग हा जुनापुराणा शब्द कशाला? मलाही आधी हेच वाटलं होतं. पण त्याचे दोन तुकडे करून पाहिले आणि अडकलो. कारण या शब्दाच्या पोटात एक तराजू आहे.

व्हिलिपेंड लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, पंधराव्या शतकात. पहिला तुकडा ‘विलिस’, म्हणजे स्वस्त. इथे थांबा जरा. विलिसचा मूळ अर्थ ‘वाईट’ नाही, ‘स्वस्त’ आहे. बाजारातला साधा शब्द. नंतर त्यातूनच इंग्रजीत व्हाइल आला, ज्याचा अर्थ नीच, घाणेरडा. म्हणजे आधी वस्तू स्वस्त होती, मग हलकी ठरली, मग नीच ठरली. आपल्याकडे ‘हलका’ शब्दाचं काय झालं बघा. वजनाला हलका, मग दर्जाने हलका, मग ‘हलकट’ हा शब्द तर आपण शिवी म्हणूनच वापरतो.

दुसरा तुकडा ‘पेंडेरे’. पेंडेरे म्हणजे वजन करणं, तोलणं. त्यावरूनच मोल ठरवणं आणि पैसे चुकते करणं. लॅटिन माणूस एखाद्याला किंमत देत नसेल, तर ‘मी त्याला लोकरीच्या पुंजक्याइतकंही तोलत नाही’ अशा अर्थाचं बोलायचा. तिथेही हेच पेंडेरे.

वजन करण्याचा आणि पैसे देण्याचा काय संबंध? सोपं आहे. रोममध्ये ठरावीक छापाची नाणी येण्याआधी व्यवहार कांशाच्या ओबडधोबड तुकड्यांवर चालायचा. तुकडे मोजून काय उपयोग? एक मोठा, एक लहान. म्हणून ते तोलून द्यायचे. पैसे देणं म्हणजे शब्दशः तोलणंच. पौंड आठवा. पौंड वजनाचं माप आहे आणि पौंड ब्रिटनचं चलनही आहे. तो शब्दही याच घराण्यातला.

आणि आता तुमच्या पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर डोळ्यांसमोर आणा. इंटर्नशिपला काय मिळतं? स्टायपेंड. हा ‘पेंड’ तोच! रोमन सैनिकाच्या पगाराला स्टिपेंडियुम म्हणायचे. ‘स्टिप्स’ म्हणजे चिल्लर, छोटी रक्कम, आणि पुढे पेंडेरे. नोकरी पक्की झाली की एचआर ज्याला कॉम्पेन्सेशन म्हणते ते काय? दोन गोष्टी एकमेकींसमोर तोलणं. कंपनीच्या कामाने हॉटेलात राहिलात की भरता तो एक्स्पेन्स? तोलून बाहेर दिलेलं. आजोबांची पेन्शन? तीही त्यातलीच. एवढंच कशाला, विचार करणं यासाठीचं इंग्रजी क्रियापद पाँडर, तेही मुळात वजन करणंच.

म्हणजे स्टायपेंड आणि व्हिलिपेंड हे सख्खे नातेवाईक आहेत. एकात तुमच्या कामाचं वजन करून पैसे देतात. दुसऱ्यात तुमचं वजन करतात आणि सांगतात, ‘स्वस्त माल आहे.’

वजन म्हटलं की खोटं वजनही आलंच. लिव्ही हा रोमन इतिहासकार एक गोष्ट सांगतो. साधारण इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल टोळ्यांनी रोम जिंकलं. निघून जाण्यासाठी त्यांनी १००० पौंड सोनं मागितलं. सोनं तोलायला घेतलं, तर रोमनांच्या लक्षात आलं की गॉलांची वजनं खोटी आहेत. त्यांनी तक्रार केली. त्यावर गॉलांचा सरदार ब्रेन्नस याने काय केलं असेल? आपली तलवार काढली आणि वजनाच्या पारड्यात टाकली. म्हणजे आता तलवारीच्या वजनाचंही सोनं द्या. गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, ते बाजूला ठेवा. मुद्दा कळतो. ज्याच्या हातात तराजू, तोच वजन ठरवणार.

याला आपल्याकडे काय म्हणतात, ते ऊस लावणाऱ्या कुठल्याही घरात विचारा. काटा मारणे. काटामारी. ऊस २० टन आणि काट्यावर दिसतो १९. शेतकऱ्याचा ऊस कमी नव्हता, काटा खोटा होता.

माझ्यासाठी व्हिलिपेंडचं मराठी भाषांतर हेच आहे: मनातली काटामारी.

आता बाकीच्या शब्दांशी याची तुलना करू, म्हणजे वेगळेपण कळेल. व्हिलिफाय घ्या. त्यातही तेच विलिस आहे, पण व्हिलिफाय म्हणजे बदनाम करणं. ते चारचौघांत होतं, तोंडाने होतं. व्हिलिपेंड मनातल्या मनातही होतं. एक शब्द न बोलता तुम्ही एखाद्याला व्हिलिपेंड करू शकता. मेलला उत्तर न देता, मीटिंगमध्ये त्याच्या बोलण्यानंतर विषय बदलून. मराठीत ‘अनुल्लेखाने मारणे’ म्हणतात ना, त्याच्या अगदी जवळचं.

मग डिस्परेज. याची गोष्ट तर भन्नाट आहे. त्यात ‘पार’ म्हणजे समान हा शब्द आहे आणि जुन्या फ्रेंचमध्ये या क्रियापदाचा अर्थ होता, एखाद्याचं लग्न त्याच्यापेक्षा खालच्या दर्जाच्या घरात लावून देणं! १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी लिहून घेतलेल्या त्या प्रसिद्ध सनदेत, सहावं कलमच आहे की वारसांची लग्नं डिस्परेज न करता लावावीत. मराठीत सांगायचं तर ‘तोलामोलाचं स्थळ’ बघून. तोल आणि मोल. आपण पण तराजू घेऊनच लग्न जमवतो, मंडळी. मॅट्रिमोनी साइटवर जे फिल्टर लावता, ते आठवा.

आणि डिप्रिशिएट? त्यात किंमत आहे, ‘प्रेतियुम’. किंमत खाली आणणं. दरवर्षी एप्रिलमध्ये ज्याने आपली झोप उडते ते अप्रेझल, तेही याच किमतीच्या घरातलं.

मराठीही काही कमी नाही. आपण ‘तुच्छ लेखतो’, म्हणजे आपल्या हिशेबाच्या वहीत तुच्छ म्हणून धरतो. ‘खिजगणतीत धरत नाही’, म्हणजे मोजतच नाही. पण माझा सगळ्यात लाडका वाक्प्रचार म्हणजे ‘पासंगालाही न पुरणे’. पासंग माहितीय का काय असतो? जुन्या तराजूची दोन पारडी सारखी नसतील, तर हलक्या पारड्याला एक लहानसा दगड बांधतात. तो पासंग. मालाच्या वजनात त्याला कुणी धरत नाही. ‘तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस’ म्हणजे तू माल तर नाहीसच, वजनही नाहीस, तो बांधलेला दगड आहे ना, तेवढासुद्धा नाहीस. पंधराव्या शतकातल्या इंग्रजांनी व्हिलिपेंड म्हटलं आणि आपल्या आजीने पासंग म्हटलं. तराजू एकच.

बरं, आता थोडं वैयक्तिक. हा शब्द मला का लागला, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका ॲपच्या पेमेंटच्या भागावर काम करत होतो. आमच्या टीममध्ये एक नवीन टेस्टर आली होती. छोट्या गावातली, पहिलीच नोकरी. कामात चोख, पण इंग्रजी जरा अडखळत. तिने एक बग नोंदवला. वाक्यरचना अशी काही होती की नक्की काय म्हणायचंय तेच पटकन कळेना. ‘कधी कधी पैसे दोन वेळा जात आहे’ असं काहीतरी. मी ते वाचलं, मनात हसलो, एकदा माझ्या फोनवर करून पाहिलं. काही झालं नाही. स्टेटस बदललं, ‘रिप्रोड्यूस होत नाही’, आणि बग बंद. अर्धा मिनिट लागला असेल. तिला एका शब्दाने वाईट बोललो नाही हं. उलट खाली ‘थँक्स’ लिहिलं, स्माइली टाकून.

तीन आठवड्यांनी ते व्हर्जन लाइव्ह गेलं आणि लोकांचे पैसे दोनदा कापले जायला लागले. इंटरनेट स्लो असेल आणि माणसाने घाईघाईने बटण दुसऱ्यांदा दाबलं, तर आमचा सर्व्हर त्या दोन वेगळ्या ऑर्डर समजत होता. ऑफिसच्या फास्ट वायफायवर हे कधीच दिसणार नव्हतं. गावाकडच्या एका कांडीच्या नेटवर्कवर रोज दिसलं असतं. दुरुस्ती फार मोठी नव्हती. प्रत्येक पेमेंटला एक युनिक की द्यायची आणि तीच की पुन्हा आली तर सर्व्हरने नवीन ऑर्डर बनवायची नाही. पण रिफंड देता देता सपोर्टवाल्यांचा आठवडा गेला, आणि ज्यांच्या खात्यात महिनाअखेरीला तेवढेच पैसे होते त्यांचं काय झालं असेल, ते मला माहीत नाही.

त्या रात्री मी तो जुना बग पुन्हा उघडला. त्याला ४० सेकंदांचा एक व्हिडिओ जोडलेला होता. तिने नेट मुद्दाम स्लो करून, दोनदा बटण दाबून, सगळं स्वच्छ दाखवलं होतं. तो व्हिडिओ मी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “सर, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल.”

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कारण काटा मी मारला होता आणि वजन तिने स्वतःचं कमी केलं.

नीट ऐका, माझा मुद्दा ‘ती बरोबर निघाली’ हा नाही. समजा ती चूक असती, समजा त्या व्हिडिओत खरंच काही नसतं, तरी माझी चूक तेवढीच होती. मी तिचा बग तोललाच नव्हता. तिचं इंग्रजी तोललं होतं, आणि आकडा बगवर चिकटवला होता.

हाच घोळ खूप मोठ्या माणसाने, खूप मोठ्या पातळीवर केला होता. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही. चला अमेरिकेत.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्यूफाँ नावाचा फार नावाजलेला निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याने लिहून ठेवलं की अमेरिका खंडातले प्राणी युरोपातल्यांपेक्षा लहान असतात, तिथे जीव खुरटतात. हा माणूस अमेरिकेला कधी गेलेलाच नव्हता. थॉमस जेफरसन, जो पुढे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याला हे भयंकर झोंबलं. त्याने ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या पुस्तकात उत्तर दिलं. पुस्तक १७८५ मध्ये पॅरिसमध्ये छापलं आणि १७८७ मध्ये लंडनमध्ये. उत्तर कसं दिलं? वजनांचा तक्ता छापून! एका रकान्यात युरोपातला प्राणी, शेजारी अमेरिकेतला. अस्वल तिकडे १५३.७ पौंड, इकडे ४१०. बीव्हर तिकडे १८.५, इकडे ४५. एवढ्यावर थांबला नाही. न्यू हॅम्पशायरहून एका मूसचा, म्हणजे त्या प्रचंड सांबरासारख्या प्राण्याचा, सांगाडा आणि कातडं जहाजातून पॅरिसला मागवलं, ब्यूफाँला दाखवायला. आणि गंमत बघा, बिलिटल हा शब्द सगळ्यात आधी याच पुस्तकात सापडतो. लंडनच्या समीक्षकांनी तेव्हा त्या नव्या शब्दाचीच टर उडवली होती!

आता वाटेल, वा, काय माणूस. हलकं ठरवणाऱ्याला काटा आणून दाखवला. पण त्याच पुस्तकात, काही पानं पुढे, हाच जेफरसन फिलिस व्हीटलीबद्दल लिहितो.

फिलिस व्हीटली कोण? १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची एक मुलगी पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजातून बॉस्टनला आणली गेली आणि विकली गेली. जहाजाचं नाव फिलिस, म्हणून तिचं नाव फिलिस. आडनाव मालकांचं. ती इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, कविता लिहायला लागली. १७७३ मध्ये लंडनमध्ये तिचं पुस्तक निघालं, तेव्हा ती जेमतेम विशीची होती. पुस्तकाच्या सुरुवातीला एक पत्र छापावं लागलं. बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांनी, त्यात मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नरही होता, सही करून सांगितलं की होय, या कविता खरंच या मुलीने लिहिल्या आहेत. विचार करा. आधी वजन नाही, आधी ओळखपत्र.

आणि जेफरसन काय म्हणतो? की तिच्या नावावर छापलेल्या कविता टीका करण्याच्याही लायकीच्या नाहीत. टीकेच्या पातळीखालच्या आहेत. तिचं आडनावसुद्धा त्याने चुकीचं लिहिलं. एकही कविता उघडून दाखवली नाही की ही ओळ बघा, इथे असं फसलंय. अस्वलासाठी तक्ता होता, बीव्हरसाठी तक्ता होता, मूससाठी तर जहाज होतं. या बाईच्या कवितांसाठी तराजू बाहेरच काढला नाही. आणि हे लिहिणाऱ्या माणसाच्या शेतावर शेकडो गुलाम राबत होते. फिलिसचं वजन खरं निघालं असतं, तर त्याला अख्खा हिशेब पुन्हा मांडावा लागला असता.

याला टीका म्हणत नाहीत. टीकेसाठी पारड्यात काहीतरी ठेवावं लागतं. हे व्हिलिपेंड करणं आहे. शंभर टक्के पुस्तकी उदाहरण.

म्हणून मला वाटतं की हा शब्द आपल्याकडे असायला हवा. आजकाल आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. कुणी म्हणालं, ‘तुझा हा कोड स्लो आहे, हा लूप बघ’, तर आपल्याला वाटतं अपमान केला. आणि कुणी काही न वाचता स्माइली टाकून बग बंद केला, तर आपल्याला वाटतं, चला, भांडण तर नाही झालं. उलटं आहे, राव. ज्याने तुमचा लूप शोधून काढला त्याने तुम्हाला तोललं. वजन कमी भरलं असेल, पण तुमच्यावर वेळ घालवला. तो आदरच आहे, थोडा कडू असला तरी.

आता सुरुवातीचं वचन. हा शब्द मेला की नाही?

एकोणिसाव्या शतकात व्हिलिपेंड बऱ्यापैकी चालायचा. वॉल्टर स्कॉटने वापरला, थॅकरेने वापरला. विसाव्या शतकात हळूहळू अडगळीत गेला. मग २००८ मध्ये ब्रिटनमधल्या कॉलिन्स डिक्शनरीने जाहीर केलं की सुमारे २,००० नवीन शब्दांना जागा करायची आहे, तेव्हा काही जुने काढावे लागतील. २४ शब्दांची यादी निघाली, आणि त्यात कोण? आपला व्हिलिपेंड. ‘टाइम्स’ने वाचकांना आवाहन केलं की या शब्दांना वाचवा. नामवंत लोकांनी एकेक शब्द दत्तक घेतला. स्टीफन फ्रायने फब्सी घेतला, म्हणजे गुटगुटीत, बुटका.

कॉलिन्सचं लॉजिक डेटाचं होतं. हा शब्द कुणी वापरतं का? किती वेळा? कमी वेळा, मग काढा. मी डेटावर पोट भरणारा माणूस आहे, मला हे पटतं. पण एक गोष्ट खटकते. शब्दाचा वापर किती, हे एक वजन झालं. शब्द काय सांगू शकतो, हे दुसरं वजन. दुसरं वजन न करताच पहिल्यावरून किंमत ठरवली, तर व्हिलिपेंड या शब्दालाच व्हिलिपेंड केल्यासारखं होईल.

आज कॉलिन्सच्या वेबसाइटवर जाऊन शोधलंत तर तो सापडतो. छापील कागदावर जागेची मारामारी असते, सर्व्हरवर तेवढी नसते. म्हणजे मेला नाही, नुसता कुणी बोलवत नाही म्हणून गप्प बसलाय.

थांबण्याआधी एक सावधगिरीचा इशारा. उद्या ऑफिसात जाऊन बॉसला ‘यू आर व्हिलिपेंडिंग मी’ म्हणू नका. तो गूगल करेल, आणि गूगल केल्यावर तर आणखी प्रॉब्लेम. आणि कुणी तुमची चूक नीट दाखवून दिली, तर तिथे हा शब्द ढाल म्हणून वापरू नका. तोलणारा माणूस आणि काटा मारणारा माणूस, दोघांनाही एकाच शब्दाने हाक मारली, तर शब्द पुन्हा बोथट होईल.

मी त्या प्रसंगानंतर एक साधी सवय लावून घेतलीय. कुठलाही बग, कुठलाही कोड रिव्ह्यू, कुणाचीही आयडिया ‘नाही’ म्हणून बंद करायची असेल, तर आधी एक वाक्य लिहायचं: मी काय उघडून पाहिलं. व्हिडिओ पाहिला, स्लो नेटवर करून पाहिलं, अमुक फाइल वाचली. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर ‘नाही’ म्हणायचा हक्क नाही. कधी कधी वैताग येतो, शुक्रवारी संध्याकाळी तर फारच. पण लिहितो.

आणि ती टेस्टर? आता ती दुसरीकडे असते, तिची स्वतःची टीम आहे. निघताना तिने मला तिच्या जागी आलेल्या मुलाची ओळख करून दिली आणि त्याला माझ्यासमोरच सांगितलं, “व्हिडिओ जोडलास की यांना मेसेज करून सांग, व्हिडिओ जोडलाय म्हणून.” मी काय बोलणार! बरोबर तोललं होतं तिने मला.

आता तुमची पाळी. तुमच्या घरी, गावी, ऑफिसात तोल, मोल, काटा, पारडं, पासंग यावरून आलेले कोणते शब्द किंवा वाक्प्रचार वापरतात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि आज दिवसभरात कुणाचं बोलणं तुम्ही न तोलता बंद केलं असेल, तर एकदा पुन्हा उघडून बघा. ४० सेकंदच लागतात.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.